सॉफ्टवेअरचा साज आणि वापरणाऱ्याचा हक्क



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना तो पोरकट वाटला असेल. संगणकावरच्या एखाद्या सॉफ्टवेअरचे दर्शनी रूप आपल्या आवडीप्रमाणे बदलावे, निळ्याच्या जागी तांबडा रंग द्यावा, साध्या बटणांऐवजी पितळी दिसणारी बटणे काढावी, यात तासभर व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. हा पुष्कळ अंशी हौसेचा उद्योग आहे, हे मला मान्य आहे. परंतु या हौसेच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू माणूस दिवसातून आठ-आठ तास डोळ्यांसमोर धरून बसतो, तिच्या रूपावर अधिकार कोणाचा? ती घडवणाऱ्याचा, की वापरणाऱ्याचा? माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो. कामाची रचना घडवणाऱ्याने करावी. पण रूपाविषयीचा अखेरचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती असावा. हे मत मी का बनवले, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीत या बाह्यरूपाला ‘स्किन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कातडी. मला हा शब्द तितकासा समर्पक वाटत नाही. कातडी अंगाला चिकटलेली असते. हे रूप मात्र घटकेत उतरवून दुसरे चढवता येते. त्यापेक्षा आपला ‘साज’ हा शब्द चांगला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर झूल पडते, शिंगांना रंग लागतो, गळ्यात घुंगुरमाळ येते. पण बैल तोच असतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच नांगर ओढतो. शिवाय झूल शिवणाऱ्याला वशिंडाचे माप सोडून चालत नाही. साजाने अंगाचे माप पाळले पाहिजे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिची गरज पुढे पडणार आहे.

आता हे रूप बदलता येते तरी कसे? सॉफ्टवेअर आतून दोन थरांचे असते, किंबहुना असावे. एक थर काम करतो: हिशेब मांडतो, गाणे वाजवतो, पत्र साठवतो. दुसरा थर ते काम पडद्यावर दाखवतो आणि आपल्या बोटाची आज्ञा आत पोचवतो. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ साली, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना, या विभागणीची एक रीतसर पद्धत मांडली. आतली माहिती वेगळी ठेवावी, तिचे दर्शन वेगळे ठेवावे, आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा हाताळणारा भाग तिसरा असावा, असा तिचा आशय होता. दर्शन जर खरोखर वेगळे ठेवलेले असेल, तर ते काढून दुसरे बसवता येते आणि आतल्या कामाला धक्काही लागत नाही. म्हणून मी म्हणतो की सॉफ्टवेअरला साज चढवता येणे ही त्याच्या आतल्या बांधणीची एक परीक्षाच आहे. ज्या घरात भिंतीचा रंग खरवडला की छत खाली येते, त्या घराच्या गवंड्याबद्दल आपण काय म्हणू?

या हौसेचा सर्वांत मोठा बहर गाणी वाजवणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरमुळे आला. त्याचे नाव विनॅम्प. जस्टिन फ्रँकेल या अमेरिकन तरुणाने ते १९९७ साली लोकांपुढे आणले. १९९८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्या काळात साज करण्याचे वेड जगभर पसरले. आपल्याकडेही ज्यांनी त्या सुमारास घरात किंवा सायबर कॅफेत संगणक पाहिला, त्यांना ती काळपट, लहानशी, हिरव्या आकड्यांची खिडकी आठवत असेल.

विनॅम्पचा साज कसा बनत असे, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण सगळे मर्म त्यातच आहे. साज म्हणजे काही चित्रांची आणि दोन-चार साध्या मजकुराच्या फायलींची एक पुरचुंडी. ही पुरचुंडी झिप पद्धतीने बांधायची आणि तिच्या नावाचा शेवट बदलायचा, की झाला साज तयार. मुख्य खिडकीचे चित्र २७५ ठिपके रुंद आणि ११६ ठिपके उंच. गाणे सुरू करणे, थांबवणे, पुढे जाणे, मागे जाणे या बटणांचे चित्र वेगळे, आणि त्यात प्रत्येक बटण दोनदा काढायचे: एकदा मोकळे, एकदा दाबलेले. वेळ दाखवणारे आकडे ९ ठिपके रुंद आणि १३ ठिपके उंच. आवाज कमी-जास्त करण्याच्या पट्टीची २८ चित्रे एकाखाली एक. आवाज जसा चढेल तसे पुढचे चित्र पडद्यावर यायचे. गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या रेषांसाठी २४ रंगांची एक यादी. इतके सगळे करायला कोणतीही संगणकभाषा शिकावी लागत नसे. संगणकाबरोबर फुकट मिळणारे चित्र काढण्याचे साधे सॉफ्टवेअर आणि चार रात्रींचे जागरण एवढ्या भांडवलावर शाळकरी मुलांनीदेखील साज केले.

यात एक बंधन होते. बटणाचे रूप हवे तसे बदलावे. त्याची जागा मात्र बदलता येत नसे. डावीकडून दुसऱ्या जागी दाबले की गाणे सुरू व्हायचे, मग तिथे तुम्ही बटण काढा, नाहीतर फूल काढा. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच हा प्रकार. ठिपके ठरलेले असतात. त्यांतून कमळ काढायचे की कासव, हे काढणाऱ्या बाईच्या हातात. बंधनामुळे कला खुंटली काय? मुळीच नाही. विनॅम्पच्या जुन्या साजांचे एक संग्रहालय जॉर्डन एल्ड्रेज या प्रोग्रामरने २०२० साली इंटरनेटवर उघडले. त्यात साठ हजारांहून अधिक साज आहेत. लाकडी रेडिओ आहेत, अवकाशयाने आहेत, चित्रपटांची भित्तिपत्रके आहेत. माप एकच, आणि रूपे साठ हजार! आणि माप एकच असल्यामुळे एका साजावर बसलेला हात दुसऱ्या साजावर चुकत नसे.

पुढे काय झाले, तेही बोधप्रद आहे. २००२ साली विनॅम्पची तिसरी आवृत्ती निघाली. तिने साज करणाऱ्यांची सारी बंधने काढून टाकली. खिडकी गोल करा, तिरपी करा, बटणे कुठेही ठेवा, वाटल्यास साजातच छोटी आज्ञावली लिहा. ऐकायला हे उत्तम. परंतु ती आवृत्ती जड आणि मंद ठरली, आणि पुष्कळ लोक जुन्या दुसऱ्या आवृत्तीला चिकटून राहिले. अखेर २००३ च्या डिसेंबरात दोन्हींचा मेळ घालून नवी आवृत्ती काढावी लागली. दोन आणि तीन मिळून पाच, म्हणून तिला पाचवी आवृत्ती असे नाव मिळाले. एवढ्यावर भागले नाही. २००४ साली असे आढळले की विनॅम्पच्या साजाच्या पुरचुंडीत लबाडीचा मजकूर लपवून दुसऱ्याच्या संगणकात नको ते शिरवता येते, आणि तसे प्रकार घडलेही. ती फट घाईघाईने बुजवावी लागली. तात्पर्य हे की साज निव्वळ चित्रांचा असेल तोवर तो निरुपद्रवी असतो. साजाच्या नावाखाली आज्ञावली आत येऊ लागली, की दाराशी कोण आले आहे ते विचारले पाहिजे.

स्वातंत्र्याचा अतिरेक हौशी मंडळींनीच केला असे नव्हे. १९९९ साली ॲपल या बड्या कंपनीने चित्रपट दाखवणारे आपले क्विकटाइम हे सॉफ्टवेअर नव्या रूपात आणले. ते घासलेल्या धातूच्या यंत्रासारखे दिसे, आणि आवाज बदलण्यासाठी त्यावर अंगठ्याने फिरवण्याचे दातेरी चाक काढले होते. खऱ्या रेडिओवर असले चाक सोयीचे असते, कारण तिथे अंगठा असतो. पडद्यावर अंगठा नसतो, माऊस असतो. चित्रातले चाक माऊसने फिरवताना लोक मेटाकुटीला आले आणि जाणकारांनी त्यावर सडकून टीका केली. पुढच्या आवृत्तीत चाक जाऊन साधी सरकपट्टी आली. झूल सुंदर होती, पण ती वशिंडाच्या मापाने शिवलेली नव्हती.

या उदाहरणांवरून कोणी म्हणेल, मग घडवणाऱ्यालाच रूप ठरवू द्यावे हे बरे नव्हे काय? ही बाजू पोकळ नाही, आणि तिचा योग्य मान ठेवूनच पुढे गेले पाहिजे. एकसारखेपणाचे मोल मोठे आहे. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याचा एक विशेष असा होता की एक सॉफ्टवेअर शिकला तो माणूस दुसरे निम्मे शिकलेलाच असे, कारण दोन्हींच्या यादीपट्ट्या, खिडक्या आणि बटणे एकाच वळणाची असत. बँकेतल्या कारकुनाच्या संगणकावर रोज वेगळे रूप असेल, तर बदली होऊन आलेल्या माणसाने काम कसे करावे? बिघाड झाल्यावर फोनवरून मदत करणाऱ्याने ‘वरच्या डाव्या कोपऱ्यातले हिरवे बटण दाबा’ असे कोणत्या आधारावर सांगावे? या अडचणी खऱ्या आहेत.

परंतु बड्या कंपन्यांनी या अडचणींचे निमित्त करून गरजेपेक्षा फार जास्त अधिकार आपल्याकडे ओढून घेतला, असे मला दिसते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रेग लँडवेबर आणि आर्लो रोझ या दोघांनी मॅकिंटॉशसाठी कॅलिडोस्कोप नावाचे सॉफ्टवेअर केले होते. त्याने एकट्या गाण्याच्या खिडकीचे नव्हे, तर सबंध संगणकाचे रूप पालटता येई. ॲपलनेही १९९८ च्या आवृत्तीसाठी दोन-तीन पर्यायी रूपे तयार केली होती. पण प्रत्यक्ष विक्रीला आलेल्या प्रतीत एकच रूप उरले, आणि २००१ मध्ये सर्वस्वी नवी प्रणाली आली तिच्यावर कॅलिडोस्कोपला जागाच राहिली नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी निघाली. तिच्यात संपूर्ण रूप बदलण्याची यंत्रणा होती. निळे, ऑलिव्ह हिरवे आणि चंदेरी असे तीन साज कंपनीने स्वतः दिलेही. परंतु चौथा साज चढवायचा तर त्यावर कंपनीची अंकीय सही हवी! सही नसलेला साज यंत्रणा स्वीकारीत नसे. हौशी लोकांनी मग यंत्रणेतली ती तपासणी करणारी फाइलच बदलून टाकली. हा मार्ग धोक्याचा होता, यात शंका नाही. पण सरळ दार बंद केले की माणसे खिडकीतून चढतात, हा दोष एकट्या चढणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

इथवर मी आवडीनिवडीविषयी बोललो. आता गरजेविषयी बोलतो, कारण माझ्या मताचा खरा आधार तिथे आहे. पांढऱ्या पडद्याची चमक सहन होत नाही अशी माणसे असतात. मोतीबिंदूमुळे फिकट करडी अक्षरे दिसत नाहीत अशी वडीलधारी मंडळी घरोघर आहेत. काहींना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर हे प्रमाण सुमारे बारांत एक इतके आढळते. अशा माणसाला ‘चूक असेल तर लाल दिवा, बरोबर असेल तर हिरवा’ असे रूप देणे म्हणजे त्याला बाहेर उभे करणे. त्याच्यासाठी साज बदलणे ही चैन नव्हे, ती लंगड्याची काठी आहे. विंडोज ९५ मध्ये अशा लोकांसाठी ठळक रंगभेदाची सोय मुद्दाम दिलेली होती. वेबपृष्ठांसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्देशांत, साध्या मजकुराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असे माप घालून दिले आहे. साज करणाऱ्याने हे माप पाठच करून ठेवावे.

याच संदर्भात एका छोट्या नियमाची हकीकत सांगण्यासारखी आहे. वेबपृष्ठांचे रूप ठरवणारी सीएसएस नावाची भाषा नॉर्वेचे होकोन व्हियुम ली यांनी १९९४ साली सुचवली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली. मजकूर वेगळा आणि रूप वेगळे, हेच तिचे तत्त्व. तिची खुबी अशी की पृष्ठाच्या लेखकाला जसे रूप सुचवता येते, तसे वाचणाऱ्यालाही स्वतःचे रूप सुचवता येते. मग दोघांचे पटले नाही तर? दोघांनीही ‘माझे म्हणणे महत्त्वाचे’ अशी खूण केली तर कोणाचे ऐकावे? पहिल्या आवृत्तीत निकाल लेखकाच्या बाजूने होता. १९९८ साली दुसरी आवृत्ती आली आणि तिने हा निकाल उलटा फिरवला: अशा वेळी वाचणाऱ्याचे चालेल. ज्यांना मोठी अक्षरे किंवा विशिष्ट रंग लागतात, त्यांची अडचण ओळखून हा बदल केला होता. एका ओळीचा हा नियम मला मोठ्या मोलाचा वाटतो. लेखकाचे सौंदर्य आणि वाचकाचे डोळे यांत तंटा पडला, तेव्हा शहाण्या लोकांनी डोळ्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे काही ब्राउझरांनी स्वतःचे रूप देण्याची ही सोय आडबाजूला टाकली किंवा काढूनच टाकली, ही खेदाची गोष्ट आहे. पण नियम कायम आहे.

आता जरा आपल्या भाषेकडे वळतो. विनॅम्पच्या साजात गाण्याचे नाव सरकत दाखवण्यासाठी अक्षरांचे एक चित्र असे. प्रत्येक अक्षराला जागा ५ ठिपके रुंद आणि ६ ठिपके उंच. त्या चित्रात इंग्रजी मोठी अक्षरे होती, आकडे होते, विरामचिन्हे होती, आणि स्वीडिश भाषेत लागणारी तीन अक्षरेही होती. देवनागरीला त्यात जागा नव्हती, आणि असती तरी ती कशी बसावी? वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. सहा ठिपक्यांच्या उंचीत ‘मूर्ती’ हा शब्द लिहून पाहा, म्हणजे अडचण कळेल. आपली अभंगांची आणि नाट्यगीतांची नावे त्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत वावरत होती, याचे एक कारण हे. पुढे संगणकातले इतर टंक वापरण्याची सोय झाली, तेव्हा वाट मोकळी झाली. पण दोष अजून पुरता गेलेला नाही. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणांत मराठी शब्द घातला की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो, हे आजही मोबाइलवर पाहायला मिळते. जो समाज आपल्या वापरातल्या वस्तूंचा साज स्वतः करीत नाही, त्याला दुसऱ्याच्या मापाची झूल अंगावर घ्यावी लागते. म्हणून आपल्या मुलामुलींनी हे काम शिकावे असे मला वाटते.

ज्यांना ते शिकायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. रंगाची डबी उघडण्यापूर्वी त्या सॉफ्टवेअरची सगळी कामे आणि सगळी बटणे यांची यादी करावी. प्रत्येक बटणाच्या तिन्ही अवस्था काढाव्यात: मोकळे, दाबलेले, आणि सध्या न चालणारे, नवशिक्याचा साज ओळखू येतो तो शेवटच्या दोन अवस्था विसरलेल्या असतात म्हणून. तयार झालेला साज एकदा रंग काढून, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात पाहावा. तेव्हाही कोणते बटण कशाचे ते कळले तर साज उतरला असे समजावे. देवनागरीसाठी वर-खाली मोकळी जागा ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूळ रूपाकडे परत जाण्याची वाट कधीही बुजवू नये, म्हणजे मदत करणाऱ्याची मघाची अडचणही बरीचशी सुटते. ज्याला साज नको त्याला तो उतरवताही आला पाहिजे.

गेल्या काही वर्षांत या बाबतीत थोडा उजेड दिसतो, आणि गमतीची गोष्ट म्हणजे तो अंधारातून आला आहे. २०१८ साली ॲपलच्या संगणकांवर, आणि २०१९ साली आयफोन व अँड्रॉइड या दोन्हींवर, काळ्या पार्श्वभूमीचे रूप सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. कोट्यवधी लोक ती वापरतात. रूप बदलण्याची इच्छा मूठभर हौशी पोरांची नव्हती, ती सर्वांचीच होती, हे यावरून सिद्ध झाले. पण साठ हजार साजांच्या जागी दोन साज मिळाले, आणि तेही कंपनीने शिवलेले. दोनांत समाधान मानायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

घर भाड्याचे असले तरी भिंतीवर कोणते चित्र लावायचे हे भाडेकरू ठरवतो. मालक पाया, खांब आणि छप्पर सांभाळतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मी याहून अधिक काही मागत नाही. जे लोक सॉफ्टवेअर विकत घेतात, कार्यालयांसाठी आणि शाळांसाठी त्याची निवड करतात, असे पुष्कळजण आज या सभागृहात बसलेले असतील. त्यांना माझी विनंती आहे की किंमत आणि वेग विचारताना आणखी एक प्रश्न विचारीत जा: याची अक्षरे मोठी करता येतात काय, रंग बदलता येतात काय, मराठी शब्द न कापता बसतात काय? विचारणारे वाढले की देणारे देतात.